सॅक्रमेंटो किंग्ज : सातासमुद्रापलीकडच्या संघावर जडलेला जीव

तिसरा_प्रहर :

मराठीत बास्केटबॉलवर जे काही लिहिलं जातं ते बहुतेक जॉर्डन, कोबी आणि लेब्रॉनवर. मला इथे एका संघाबद्दल लिहायचं आहे. सॅक्रमेंटो किंग्ज, कॅलिफोर्नियाच्या राजधानीचा संघ. १९८५ साली तो त्या गावात आला आणि तेव्हापासून तिथे एकदाही अजिंक्यपद आलेलं नाही. संघाच्या नावावर जे एकमेव अजिंक्यपद आहे ते १९५१ सालचं, तेही रॉचेस्टर रॉयल्स या नावाने मिळवलेलं. रॉचेस्टरहून सिनसिनाटी, तिथून कॅन्सस सिटी आणि मग सॅक्रमेंटो असं या संघाचं बिऱ्हाड फिरत आलं. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, इतकी वर्षं अजिंक्यपदावाचून राहिलेला दुसरा संघ नाही.

मी या संघाचा झालो तो २००१-०२च्या मोसमात. तेव्हा सांगलीला इंजिनिअरिंगला होतो. सकाळी मेसमधल्या टीव्हीवर केबलवरून एनबीएचे सामने दिसायचे. कॉलेजच्या संघात खेळणारे आम्ही काही जण चहाचे पेले घेऊन तिथेच बसायचो. बाकी सगळे शकील ओनील आणि कोबी ब्रायंटच्या लॉस एंजेलिस लेकर्सचे. माझी नजर किंग्जवर खिळली ती त्यांच्या पासिंगमुळे.

आपल्याकडे शाळेत उंच मुलाला रिंगखाली उभं करतात आणि बाकीच्यांना 'चेंडू वर टाका' एवढंच सांगतात. किंग्जचे दोन्ही उंच खेळाडू, ख्रिस वेबर आणि व्लादे डिवाच, रिंगपासून लांब, फ्री थ्रोच्या (फाउलनंतर विनाअडथळा टाकायच्या फेकीच्या) रेषेच्या टोकाशी येऊन उभे राहायचे. त्यामुळे त्यांच्यामागोमाग प्रतिस्पर्ध्यांचे उंच बचावपटूही बाहेर यायचे आणि रिंगखालचं सगळं अंगण मोकळं व्हायचं. चेंडू डिवाचच्या हातात गेला की पेजा स्टोयाकोविच किंवा डग क्रिस्टी पास घ्यायला बाहेर धावल्यासारखं करायचे. बचावपटू पास तोडायला पुढे झेपावला की त्याच्या पाठीमागून सरळ रिंगकडे. तोवर डिवाचचा बाउन्स पास हातात आलेला असायचा. याला बॅकडोअर कट म्हणतात. यामागे पीट कॅरिल नावाचे वयोवृद्ध सहायक प्रशिक्षक होते. प्रिन्स्टन विद्यापीठात त्यांनी २९ वर्षं हाच खेळ शिकवला होता, कारण तिथे खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊन बोलावता येत नसे. जी मुलं अभ्यासासाठी आली त्यांच्यातूनच संघ उभा करायचा. अंगात ताकद कमी, म्हणून डोकं आणि पास. मुख्य प्रशिक्षक रिक ॲडलमन यांनी हा खेळ एनबीएच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या हाती दिला. पाचही जण पास देऊ शकतात, पाचही जण चेंडूशिवाय पळतात असा संघ मी पहिल्यांदाच बघत होतो. दुपारी कोर्टवर आम्ही तेच करून बघायचो.

त्या मोसमात किंग्जने ८२पैकी ६१ सामने जिंकले. पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत गाठ लेकर्सशी, सातपैकी चार सामने जिंकेल तो पुढे. आमच्याकडे २-१ अशी आघाडी. चौथ्या सामन्यात आम्ही एका वेळी २४ गुणांनी पुढे होतो. शेवटच्या क्षणी डिवाचने चेंडू रिंगपासून दूर ढकलला आणि तो नेमका तीन गुणांच्या रेषेबाहेर उभ्या असलेल्या रॉबर्ट हॉरीच्या हातात गेला. १००-९९, एका गुणाने हरलो. पाचवा सामना माइक बिबीने शेवटच्या काही सेकंदांत जिंकून दिला, ९२-९१. सहावा लॉस एंजेलिसला. त्याच्या चौथ्या सत्रात लेकर्सना एकूण २७ फ्री थ्रो मिळाले. एका सत्रात २७! १०६-१०२ असा तो सामना गेला. ग्राहक चळवळीचे नेते राल्फ नेडर यांनी एनबीएच्या आयुक्तांना पत्र लिहून पंचगिरीची चौकशी करा अशी मागणी केली होती. सातवा सामना सॅक्रमेंटोत, जादा वेळेत गेला आणि तोही हरलो. लेकर्स पुढे न्यू जर्सीला ४-० हरवून अजिंक्य झाले. खरी अंतिम लढत आमच्या मालिकेतच झाली होती असं मी आजही मानतो.

पुढच्या वर्षी प्लेऑफमध्ये (साखळी सामन्यांनंतरच्या बाद फेऱ्यांत) वेबरचा गुडघा गेला आणि तो संघ हळूहळू विरला. २००६मध्ये शेवटची प्लेऑफ. त्यानंतर सलग १६ मोसम प्लेऑफ नाही. एनबीएच्या इतिहासात एवढा मोठा दुष्काळ कुठल्याच संघाच्या वाट्याला आला नव्हता. ॲडलमन गेल्यापासून माइक ब्राउन येईपर्यंत, हंगामी धरून, ११ प्रशिक्षक झाले. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, स्टेफ करी, डेमियन लिलार्ड, लुका डॉन्चिच हे पुढे मोठे तारे झालेले तिघेही आमच्या समोर होते. २००९, २०१२ आणि २०१८ या तिन्ही वर्षी आम्ही त्यांच्या आधीचा क्रमांक हातात असून दुसरंच नाव घेतलं. आयझेया थॉमस २०११च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटच्या, ६०व्या क्रमांकावर आम्हाला मिळाला, आम्ही तो जाऊ दिला आणि त्याने बॉस्टनला जाऊन एका मोसमात सरासरी २९च्या आसपास गुण काढले.

या काळात मी संघ का बदलला नाही, हे मला मित्र विचारतात. माझं उत्तर २०११ आणि २०१३ या दोन वर्षांत आहे.

२०११मध्ये तेव्हाचे मालक संघ अनाहाइमला नेणार हे जवळजवळ ठरलं होतं. एप्रिलमध्ये मोसमाचा शेवटचा सामना, समोर लेकर्स. सामना संपला तरी लोक स्टेडियममधून उठेनात. सगळ्यांना वाटत होतं की हा गावातला शेवटचाच सामना. ते चित्रण मी संगणकावर पाहिलं. मोठी माणसं रडत होती, पोरं बापाच्या खांद्यावर बसून घोषणा देत होती. तेव्हा मला उमगलं की मी नुसता एका पासिंगच्या पद्धतीचा चाहता राहिलेलो नाही. वेबर, डिवाच, बिबी कधीच गेले होते आणि तरी माझ्या पोटात खड्डा पडला होता.

सॅक्रमेंटोला मोठ्या लीगमधला हा एकच संघ. फुटबॉल, बेसबॉल, हॉकी यांतलं काहीही त्या गावाचं स्वतःचं नाही. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या सावलीतलं, सरकारी कचेऱ्यांचं आणि शेतीमालाचं गाव. फिल जॅक्सन लेकर्सचे प्रशिक्षक असताना त्यांनी या गावाला गुराढोरांचं गाव म्हणून हिणवलं, तर इथले लोक पुढच्या वेळी गाईच्या गळ्यातल्या घंटा घेऊन आले आणि लेकर्सच्या बाकामागे उभं राहून वाजवत राहिले. मी तिथलं वर्तमानपत्र इंटरनेटवर वाचू लागलो ते संघाच्या बातम्यांसाठी, पण हळूहळू गावाच्या बातम्याही वाचायला लागलो. दोन नद्यांच्या संगमावर वसलेलं, पुराला कायम बिचकून असलेलं हे गाव. १८६०च्या दशकात महापुरानंतर त्यांनी गावातले रस्तेच उचलून वर घेतले. कृष्णेकाठी राहणाऱ्या माणसाला यातलं काय कळलं असेल ते सांगायला नको.

२०१३मध्ये मालकांनी संघ सिएटलच्या गटाला विकायचा करार केला. सॅक्रमेंटोचे महापौर केव्हिन जॉन्सन स्वतः त्याच गावात वाढलेले माजी एनबीए खेळाडू. त्यांनी दुसरा खरेदीदार गट उभा केला, नगरपरिषदेकडून नव्या स्टेडियमची योजना मंजूर करून घेतली. मे महिन्यात एनबीएच्या संघमालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर नाकारलं. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांच्या गटाने संघ घेतला, किंमत ठरली ५३.४ कोटी डॉलर, एनबीएत तोवरची सर्वांत मोठी. माझ्यासाठी किंग्जचा सर्वांत मोठा विजय तोच, २२-८.

दूरच्या संघाशी नातं जुळतं ते खेळाडूंमुळे, पण आयुष्यभर टिकतं ते गावामुळे, असं माझं मत झालं आहे. तुमचे असे संघ कुठले? बास्केटबॉलच हवा असं नाही, पण बास्केटबॉल असेल तर आनंद जास्त.

कोकणकडा :

छान लिहिलंय. मला बास्केटबॉलमधलं फार कळत नाही, पण एक शंका आहे. ज्या गावात पाऊल ठेवलेलं नाही, जिथल्या कराचा एक पैसा आपण भरत नाही, त्या गावाचा संघ जाणार की राहणार याचं दुःख आपल्याला तिथल्या माणसाइतकं कसं होईल? ते दुःख त्यांचं आहे.

तिसरा_प्रहर :

कोकणकडा, त्यांच्याइतकं होतं असं मी म्हणणार नाही. ज्याचे आजोबा १९८५च्या पहिल्या सामन्याला गेले होते त्याचं दुःख वेगळंच. पण माझं होतं तेही खरं आहे. तिथल्या माणसाला संघ जन्माने मिळतो. मी तो निवडला, आणि पराभव होत राहिले तरी पुन्हा पुन्हा निवडत राहिलो. लांबून पाहणाऱ्याला तिथे कोणी विचारत नाही, त्याच्याशिवाय काही अडत नाही, आणि तरीही तो सकाळी उठून बसतो.

अनघा_म :

लेखातल्या एका मुद्द्याशी असहमत आहे. २००२ची गोष्ट किंग्जचे चाहते नेहमी सहाव्या सामन्याशी आणून थांबवतात. चौथ्या सत्रातले २७ फ्री थ्रो चुकीचे होते, त्याबद्दल वाद नाही. पण सातवा सामना घरच्या कोर्टवर होता, पंचांबद्दल तिथे तक्रार नव्हती, आणि किंग्जने ३०पैकी १६ फ्री थ्रो टाकले. निम्म्याच्या जरा वर. सामना ११२-१०६ असा जादा वेळेत गेला. त्या १४ हुकलेल्या फ्री थ्रोंमधले चार जरी पडले असते तरी नेहमीच्या वेळेतच निकाल लागला असता. मी राज्य पातळीवर खेळले आहे. दमलेल्या पायांनी फ्री थ्रो टाकताना गुडघे वाकत नाहीत, चेंडू आखूड पडतो. त्या दिवशी बरेचसे चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला लागत होते. किंग्जच्या पायांतलं बळ सहा सामन्यांत संपलं होतं आणि लेकर्सना तिथे कसं जिंकायचं ते ठाऊक होतं, कारण ते आधी दोनदा अजिंक्य झाले होते. हरलेल्या संघावर प्रेम करायचं तर त्याचा पराभव आहे तसा बघायला हवा, असं मला वाटतं.

तिसरा_प्रहर :

अनघाताई, सातव्या सामन्याबद्दलचं तुमचं म्हणणं पटतं. तो पराभव आमचाच आहे. पण सहावा सामना न्यायाने झाला असता तर सातव्याची वेळच आली नसती, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी राहतात आणि कुठलीच दुसरीला हटवत नाही.

फॉल्समकर :

मी सॅक्रमेंटोच्या पूर्वेला फॉल्समला राहतो. इथे चिपच्या कंपनीमुळे आपली बरीच मंडळी आहेत. सांगलीत बसून कोणी आमच्या गावाबद्दल इतक्या मायेने लिहील असं कधी वाटलं नव्हतं. रस्ते उचलून घेतल्याची गोष्ट खरी आहे. जुन्या गावात आजही जमिनीखालचे पहिले मजले दाखवतात.

थोडी भर घालतो. जुनं स्टेडियम गावाबाहेर, शेतांच्या कडेला होतं. दिसायला गोदाम, पण आवाज असा की कानठळ्या बसाव्यात. संघ वाचल्यावर २०१३च्या नोव्हेंबरमध्ये लोकांनी ठरवून आरडाओरडा केला आणि १२६ डेसिबलचा विक्रम गिनेसमध्ये नोंदवला. २०१६ला गोल्डन वन सेंटर उघडलं, ते अगदी शहराच्या मध्यात. पूर्वी संध्याकाळी सहानंतर जो भाग ओस पडायचा तिथे आता सामन्याच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते.

पण हेही लिहायला हवं की त्या इमारतीत शहराचे २५ कोटी डॉलरहून जास्त पैसे आहेत, कर्जरोख्यांतून उभे केलेले आणि मुख्यतः पार्किंगच्या उत्पन्नातून फिटणारे. तेव्हा इथे पुष्कळ लोकांचा विरोध होता आणि त्यांचा मुद्दा रास्त होता. खासगी संघाच्या घरासाठी गावाने का पैसे मोजायचे? मी स्वतः बाजूने होतो, आजही आहे, पण विरोध करणाऱ्या शेजाऱ्याला मी चूक म्हणू शकलो नाही.

आता बीमबद्दल. २०२२च्या ऑक्टोबरपासून संघ जिंकला की स्टेडियमच्या छतावरून आकाशात जांभळा प्रकाशझोत सोडतात. कोर्टवर बटण असतं, ते त्या दिवशीचा खेळाडू किंवा एखादा पाहुणा दाबतो. 'लाइट द बीम' ही घोषणा आता शाळांमध्ये, दुकानांत, सगळीकडे. त्या मोसमात ४८ विजय मिळाले, विभागात तिसरा क्रमांक आला. माझा मुलगा २००७चा. त्याच्या आयुष्यात संघ प्लेऑफला गेलेलाच नव्हता. मार्चच्या शेवटी पोर्टलंडला जिंकून जागा पक्की झाली त्या रात्री आमच्या गल्लीत लोक घराबाहेर येऊन एकमेकांना मिठ्या मारत होते.

पाऊसपाणी :

वाचते आहे. फॉल्समकर, ते बटण दाबायला चाहत्यांनाही मिळतं का कधी?

फॉल्समकर :

पाऊसपाणी, हो, कधीकधी मिळतं.

सिएटलवासी :

हा धागा वाचून दोन दिवस गेले, लिहू की नको ठरत नव्हतं. मी २०००पासून सिएटलच्या परिसरात आहे. तिसरा_प्रहर, ज्या २२-८ला तुम्ही सर्वांत मोठा विजय म्हणता, त्या दिवशी आम्ही काही मित्र एकत्र बसून बातमीची वाट बघत होतो.

आमचा एनबीए संघ सुपरसॉनिक्स, म्हणजे सॉनिक्स, १९६७पासून या शहराचा. १९७९ला अजिंक्यपद. मी आलो तेव्हा संघाचा तारा गॅरी पेटन इथेच होता. भारतातून आलेल्या, कोणाला फारसं न ओळखणाऱ्या माणसाला कचेरीत बोलायला पहिला विषय मिळाला तो सॉनिक्स. २००८मध्ये संघ उचलून ओक्लाहोमा सिटीला नेला. ४१ वर्षांचा संघ गेला. नाव आणि हिरवा-पिवळा रंग शहराने मागे ठेवून घेतला, एवढंच. केव्हिन ड्युरंटचा पहिला मोसम आम्ही पाहिला होता. पुढचं त्याचं सगळं दुसऱ्यांच्या वाट्याला गेलं.

२०१३ला आम्हाला वाटलं, आता आपले दिवस आले. पण त्यासाठी सॅक्रमेंटोचं तेच व्हायला हवं होतं जे आपलं झालं. आमच्यातच दोन तट पडले. माझी बायको म्हणाली, असा आणलेला संघ मला नको. मी तेव्हा तिच्याशी सहमत नव्हतो. मला संघ हवा होता.

२०१८च्या ऑक्टोबरमध्ये इथल्या कीअरीनामध्ये एक सराव सामना झाला, गोल्डन स्टेट विरुद्ध नेमके सॅक्रमेंटो किंग्ज. इमारत नव्याने बांधायला घेण्याआधीचा तिथला शेवटचा एनबीए सामना. तेव्हा गोल्डन स्टेटकडून खेळणारा ड्युरंट आमच्या जुन्या शॉन केम्पची सॉनिक्सची जर्सी घालून बाहेर आला आणि त्यानंतर जे झालं ते शब्दांत सांगता येणार नाही. दहा वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. त्या सामन्यात किंग्ज समोर होते म्हणून कोणी त्यांची हुर्यो उडवली नाही. मला तर त्यांना बघून बरं वाटलं. निदान यांचं घर वाचलं.

तिसरा_प्रहर :

सिएटलवासी, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. २०१३ला बातमी आली तेव्हा मी आनंदाने सगळ्यांना फोन करत सुटलो होतो, आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही बसला होतात. तुमच्या शहरात सॉनिक्स परत यावेत असं मला मनापासून वाटतं. मात्र नवा संघ मिळून, कोणाचा हिरावून नाही. वहिनींशी मी पूर्ण सहमत आहे.

मुक्तछंद :

रणदिवे आडनाव वाचून छाती फुगणाऱ्यांत मीही होतो. २०१३ला आपला मुंबईचा माणूस एनबीए संघाचा मालक झाला याचं अप्रूप वाटलंच. २०१५च्या एप्रिलमध्ये सिम भुल्लर किंग्जकडून उतरला, भारतीय वंशाचा एनबीएत खेळलेला पहिला खेळाडू, साडेसात फुटांच्या आसपास उंचीचा. तेव्हाही आनंद झाला.

पण संघाचा चाहता म्हणून मालकाकडे बघायचं तर मोजमाप वेगळं हवं. २०१४च्या डिसेंबरमध्ये प्रशिक्षक माइक मलोन यांना काढलं. संघाचा मुख्य खेळाडू डिमार्कस कझिन्स मेंदूज्वराने आजारी पडण्याआधी संघ चांगला खेळत होता. तेच मलोन २०२३ला डेन्व्हरला अजिंक्यपद मिळवून देतात! डॉन्चिचचा निर्णय डिवाच व्यवस्थापक असतानाचा. आपल्या लाडक्या डिवाचचा. म्हणजे कोर्टवर ज्याच्यावर जीव टाकला त्यानेच खुर्चीत बसून आपल्याला सर्वांत मोठी जखम दिली. त्याचं तुम्ही काय करता?

तिसरा_प्रहर :

मुक्तछंद, डिवाचच्या पासचा मी ऋणी आहे, आणि तो निर्णय चुकीचा होता. खेळाडू डिवाच आणि व्यवस्थापक डिवाच या दोघांचा हिशोब मी वेगळा ठेवतो. रणदिवे यांच्याबद्दल सांगायचं तर संघ गावात राहिला याचं श्रेय त्यांना आहे आणि त्यानंतरच्या अस्थिरतेची जबाबदारीही. शकील ओनीलनेसुद्धा २०१३मध्ये संघात छोटी भागीदारी घेतली होती. किंग्जना 'क्वीन्स' म्हणून चिडवणारा तो माणूस आमच्याच बाजूला येऊन बसला, तेव्हापासून मालकांच्या यादीकडे बघून प्रेम करायचं मी सोडून दिलं.

रेवा :

मी इथे सगळ्यांपेक्षा लहान असेन. मी किंग्जची झाले ती वरळीत!

२०१९च्या ऑक्टोबरमध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स मुंबईला आले होते, एनबीएचे भारतातले पहिले सामने. वरळीच्या डोममध्ये पहिल्या दिवशी प्रेक्षक म्हणून शाळांमधली सुमारे तीन हजार मुलं होती. आमच्या शाळेची बसही गेली होती. मला कुठल्याच संघाचं काही माहीत नव्हतं. माझ्या एका बाजूच्या मुली पेसर्ससाठी ओरडत होत्या, म्हणून मी किंग्जसाठी ओरडायला लागले, बस. सामना जादा वेळेत गेला आणि किंग्ज १३२-१३१ने हरले. एका गुणाने! बसमध्ये मी कोणाशी बोलले नाही.

घरी येऊन दादाच्या फोनवर किंग्जचे सगळे जुने व्हिडिओ बघितले. मग डीॲरन फॉक्सचा वेग. चेंडू हातात घेऊन तो इतरांपेक्षा जोरात पळतो, आणि बाकीचे रिकाम्या हाताने पळत असतात. मग २०२०ला हॅलिबर्टन आला. त्याला २०२२मध्ये दिलं ते नेमकं पेसर्सना. बदल्यात डोमांटस सबोनिस, जो वरळीला पेसर्सकडून आला होता. त्यामुळे संघ जिंकायला लागला हे मान्य, पण त्या दिवशी मी शाळेत गेले नाही.

तिसरा_प्रहर काका, तुम्ही म्हणता गावामुळे टिकतं. मला अजून गावाबद्दल तसं वाटत नाही. मला खेळाडू गेले की लागतं. फॉक्सही २०२५ला सॅन अँटोनिओला गेला. मी तरी अजून इथेच आहे, पण का आहे ते मला नीट सांगता येत नाही.

नागपाड्याचा :

रेवा, सांगता येत नसेल तरी चालेल, खेळत राहा. कोर्टवर ये. नागपाड्याला आमच्याकडे मुलीही खेळतात.

आमच्या भागात बास्केटबॉल पिढ्यान् पिढ्या आहे. इथल्या गल्ल्यांमधून भारताच्या संघात खेळाडू गेले. मी आता लहान मुलांना शिकवतो. मला एनबीएची आवड आहे पण मी संघाचा नाही, खेळाडूचा. खेळाडू जिथे जाईल तिथे मी. त्यात मला काही गैर वाटत नाही. पोट भरायला माणूस गाव सोडतो, खेळाडूनेही सोडलं तर त्याच्या मागे जावं. मुंबई सगळी अशाच माणसांनी वसवली आहे.

तिसरा_प्रहरभाई, ते दोन्ही उंच खेळाडू बाहेर उभे करायचं तुम्ही लिहिलंत, ते मुलांना दाखवायचंय. माझ्याकडे उंच पोरं दोनच आहेत आणि दोघांचाही पास चांगला आहे. कुठले सामने बघू?

अनघा_म :

नागपाड्याचा, तुमचा मुद्दा आवडला. रेवा, तुझ्यासाठी एक गोष्ट. २०२५ची अंतिम मालिका बघितलीस ना? एका बाजूला पेसर्स, त्यांना तिथवर आणणारा हॅलिबर्टन, म्हणजे किंग्जने दिलेला मुलगा. दुसऱ्या बाजूला ओक्लाहोमा सिटी, म्हणजे सिएटलवासींचा गेलेला संघ. सात सामने. सातव्यात हॅलिबर्टनच्या टाचेची शीर तुटली आणि ओक्लाहोमा जिंकली. या धाग्यावरच्या दोन माणसांना त्या रात्री काय वाटलं असेल याचा मी लिहिताना विचार करते आहे.

सिएटलवासी :

अनघाताई, मी ती मालिका पेसर्सच्या बाजूने बघितली. हॅलिबर्टन कोर्टवर कोसळला तेव्हा टीव्ही बंद केला. निकाल सकाळी वाचला.

रेवा :

मी पूर्ण बघितली. तो कुबड्या घेऊन परत येऊन सगळ्यांना भेटला, तिथपर्यंत. तो आता आमचा नाही हे मला त्या वेळी अजिबात आठवलं नाही.

तिसरा_प्रहर :

रेवा, मग तू आणि नागपाड्याचे भाई दोघं बरोबर असाल आणि माझं मत माझ्यापुरतं असेल. मला तुझ्या वयात वेबर गेला तेव्हा असंच झालं होतं. फेब्रुवारी २००५मध्ये त्याला फिलाडेल्फियाला दिलं. मी थांबलो, एवढंच. २०२३च्या एप्रिलमध्ये प्लेऑफचा सातवा सामना गोल्डन स्टेटच्या करीने ५० गुण काढून आमच्या हातून नेला, तेव्हा स्टेडियममधले लोक आपल्या हरलेल्या संघासाठी उभे राहिले. त्यात माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं. मीही घरात उभा राहिलो.

नागपाड्याचा भाई, मुलांना दाखवायला २००२च्या लेकर्स मालिकेतला पाचवा सामना घ्या. पूर्ण दाखवू नका, पहिली दोन सत्रं पुरेत, आणि चेंडूकडे न बघता ज्यांच्याकडे चेंडू नाही त्या चौघांकडे बघायला सांगा. नंतर २०२२-२३चा कुठलाही सामना, त्यात सबोनिस तेच काम करतो: फ्री थ्रोच्या रेषेच्या वर चेंडू हातात धरून उभा राहतो आणि शूटर त्याच्या अंगाला घासून जाताना चेंडू हातातून घेतो. तुमच्या दोन्ही उंच मुलांना आधी हा हँडऑफ शिकवा, बॅकडोअर नंतर. हँडऑफला बचावपटू चिकटायला लागले की बॅकडोअर आपोआप उघडतो. पासची वेळ चुकली तर चेंडू उंच मुलाकडेच ठेवायचा, घाईने टाकायचा नाही. डिवाच तीन-तीन सेकंद थांबायचा.

आणि थेट बघायचं असेल तर किंग्जचे घरचे सामने बहुतेक तिथल्या संध्याकाळी सातला सुरू होतात. हिवाळ्यात ते आपल्याकडे सकाळी साडेआठ, मार्चमध्ये त्यांची घड्याळं पुढे गेली की साडेसात. रविवारी मुलांना कोर्टवर बोलावण्याआधी एक सामना आरामात बघून होतो. अमेरिकेत तेव्हा शनिवारची रात्र असते.

नागपाड्याचा :

मिळाले व्हिडिओ. या रविवारी दाखवतो. रेवा, तू येतेस का?